घरचा संगणक, भाग 9 : जुनी डिस्क काढली आणि मशीन अडलं

मागच्या आठवड्यात जुन्या मशीनला एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकलं. जुनी हार्ड डिस्क फोटो-गाण्यांसाठी आतच राहू दिली. पुढे कधीतरी ती हार्ड डिस्क कुरकुरायला लागते. तुम्ही तिची केबल काढता, बटण दाबता आणि बूट डिव्हाइस सापडत नाही अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ काळ्या पडद्यावर टाकून मशीन गप्प बसतं. विंडोज तर नव्या डिस्कवर आहे, मग जुनी काढल्यानं काय अडलं?

अडलं ते असं, की विंडोज आणि विंडोज सुरू करून देणारा बूट मॅनेजर एकाच डिस्कवर असतीलच असं नाही. यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, असलेल्या मशीनमध्ये हा बूट मॅनेजर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या छोट्या कप्प्यात असतो. आकार साधारण 100 एमबी, फॉरमॅट फॅट32, आणि एक्स्प्लोररमध्ये तो दिसतच नाही. विंडोजच्या सेटअपला मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर असा कप्पा आधीच सापडला, तर बहुतेक वेळा तो त्यातच आपल्या फाइली टाकून मोकळा होतो. बिऱ्हाड नव्या घरात, किल्ली मात्र जुन्या घरमालकाकडे.

अशा वेळी दुकानात नेलंत तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. सी ड्राइव्ह धडधाकट असताना सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसायचं कशाला?

आधी एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. एसएसडीचं नावच दिसत नसेल तर केबल किंवा स्लॉट तपासा. तो वेगळा आजार. तारीख भलतीच मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलाय, आणि त्यापायी सेटिंगही बदललेली असू शकतात. एसएसडी दिसतेय, पण बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ नाही, असं असेल तर आपला संशय खरा.

जुनी डिस्क अजून चालत असेल तर ती परत जोडा. मशीन बहुधा निमूट सुरू होईल. मग आधी डेटाचा बॅकअप घ्या. पुढची दुरुस्ती मात्र जुनी डिस्क पुन्हा काढूनच करा. कारण आपण वापरणार आहोत ‘डिस्कपार्ट’ हे विंडोजचं पार्टिशन हाताळणारं साधन, आणि त्यातली ‘क्लीन’ ही कमांड ‘नक्की ना?’ एवढंही न विचारता निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन उडवते.

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून भाषेच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ10 दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात डिस्कपार्ट सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ दिलंत की एसएसडीच्या ओळीत जीपीटीच्या रकान्याखाली फुली दिसायला हवी. मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन विंडोजचा भाग आकारावरून ओळखा. अक्षरावर जाऊ नका. इथे सीचा डी झालेला असू शकतो. तो भाग निवडून 300 एमबीने आकसवा, मोकळ्या जागेत 260 एमबीचं ईएफआय पार्टिशन करा, फॅट32 फॉरमॅट द्या आणि त्याला एस हे अक्षर लावा. डिस्कपार्टमधून बाहेर पडून ही एकच ओळ, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

विंडोज डीवर दिसत असेल तर सीच्या जागी डी. बूटच्या फाइली तयार झाल्याचा निरोप आला की पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू करा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी नसताना यातलं काहीही करू नका.

ज्यांनी अजून जुनी डिस्क काढलेली नाही त्यांनी स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावं आणि ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कोणत्या डिस्कच्या पट्टीत आहे ते बघावं. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर बाकीच्या डिस्कच्या केबल सेटअपआधीच काढून ठेवा. म्हणजे वरचं काहीच करावं लागत नाही.

‘लिस्ट डिस्क’मध्ये जीपीटीखाली फुली दिसली नाही तर तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. तिथे वरची कमांड चालणार नाही. तिची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात.