मान पडली की कांदा काढायचा!

मिसळ आली, कट ओतला, लिंबू पिळलं आणि बघताय तर कांदा संपलेला. 'दादा, कांदा द्या की जरा!' दादा वाटी भरून देतात, विषय संपला. पण ऑगस्टच्या धो धो पावसात तुमच्या वाटीत आलेला तो कांदा बहुतेक एप्रिलमध्येच जमिनीतून निघालेला असतो. चार महिने तो सडला नाही, त्याला कोंब फुटला नाही. कसा काय?

हा प्रश्न तुमच्या घरचाही आहे. करवीर, कागल, शिरोळकडून रोज एसटीनं कॉलेजला येणाऱ्या कित्येकांच्या घरी उसात आंतरपीक म्हणून किंवा परड्यात घरापुरता कांदा असतो. एप्रिल-मेमध्ये तो ढिगानं निघतो, तेव्हा दर पडलेला असतो. म्हणून ठेवायचा, तर पाऊस लागला की पोती वास मारायला लागतात आणि आई रोज कांदे निवडत बसते. चार-सहा महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब यांत ३०-४० टक्के माल जाऊ शकतो. गंमत म्हणजे, यातलं बरंचसं नुकसान काढणीच्या आसपासच्या तीन-चार आठवड्यांतच ठरून जातं.

पहिली गोष्ट जातीची. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, तो लवकर संपवायचा. ठेवायचा तो रब्बीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'एन-२-४-१' किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' हे टिकाऊ वाण आहेत.

घाई नको, उशीरही नको

लागणीनंतर ११०-१२० दिवसांनी पात पिवळी पडते, मान मऊ होते आणि पात आडवी होते. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की काढणी. पाणी त्याआधी १०-१५ दिवस तोडायचं. शेवटी शेवटी युरिया तर अजिबात नको. त्यानं मान जाड होते, जाड मान नीट सुकत नाही आणि बुरशी तिथूनच आत शिरते.

काढल्या काढल्या पात कापू नका. एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील, असे तीन-चार दिवस शेतातच पसरा. मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि १०-१२ दिवस सावलीत पातळ थरात सुकवा. मान घट्ट मिटली आणि वरचं साल कागदासारखं वाजायला लागलं, की कांदा तयार.

यात आपल्याकडचा व्हिलन म्हणजे वळीव! दुपारी चारला आभाळ भरून आलं की ताडपत्री हाताशी हवी. पण पाऊस थांबला की लगेच काढा, नाहीतर आत वाफ धरते. भिजलेला कांदा वेगळा सुकवून आधी खा. डेंगळा, जोड आणि जाड मानेचे कांदेही साठवणीत घालू नका.

कांदा श्वास घेतो, भावा!

साठवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. त्याला मानवतं २५ ते ३० अंश तापमान आणि ६५-७० टक्के आर्द्रता. जुलैत कोल्हापुरात हवेतली ओल याच्या कितीतरी वर असते. म्हणून वारा खेळता हवा. कांदा चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, तळाला आणि बाजूला फटी ठेवून बांधतात ती यासाठीच. ढीगही चार-पाच फुटांपेक्षा उंच करत नाहीत. घरच्या दोन-चार पोत्यांना बांबूचा मांडव किंवा जुनी खाट पुरते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखी पातीची वेणी घालून आढ्याला टांगलात तरी चालतं. फक्त मग पात कापायची नाही.

रूमवर राहताय? फ्रीज विसरा. तिथल्या थंडीनं आणि ओलीनं कांदा मऊ पडतो, बाहेर काढल्यावर कोंब धरतो. प्लास्टिकची पिशवीही नको. जाळीच्या पिशवीत टांगा, बटाटे लांब ठेवा. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ लागणारा काढून टाका.

आता दराचं. साठवला म्हणजे पैसे झाले, असं नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं तेव्हा उन्हाळी कांदा चाळीतच होता, आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. पण नीट सुकवलेला कांदा असेल तर कधी विकायचा हे निदान आपल्या हातात राहतं. ओला असेल तर येईल त्या दरात द्यावा लागतो.

तेव्हा परीक्षेच्या गडबडीतही एखाद्या रविवारी रानात चक्कर मारा, किती माना पडल्यात ते बघा. वळीव काही तुमचं टाइमटेबल बघून येत नाही.