तिकांड्यातला पूर्वेचा तारा

डिसेंबरात राहुरीकडच्या गावी गेलो की रात्री तात्यांबरोबर गव्हाला दारं धरायला जावं लागतं. शेतीची वीज रात्रपाळीची. वाफा भरला, दारं मोडलं, पुढच्या वाफ्याकडे. मधेच तात्या मान वर करतात. "तिकांडं माथ्यावर आलं. बारा वाजून गेले." माझा मोबाइल तेच सांगतो.

मृग नक्षत्रातल्या त्या तीन ताऱ्यांच्या तिकांड्यातला पूर्वेकडचा तारा, अल्निटाक, घरी माझ्या लॅपटॉपात पडून आहे. चंद्रा दुर्बिणीने 2000 साली टिपलेले त्याचे क्ष-किरण आता कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

तारा जड आणि तापट, पृष्ठभाग 30 हजार अंशांच्या घरात. त्याच्या प्रकाशाच्या रेट्यानेच बाहेरचा वायू उधळतो, सेकंदाला सुमारे 2 हजार किलोमीटरने. पण हा वारा सलग वाहत नाही. मागचा वेगवान झोत पुढच्या संथ झोतावर आदळतो आणि तिथला वायू काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो. क्ष-किरण निघतात ते या टकरींतून, ताऱ्याच्या एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाइतके. आपलं वातावरण तेही गिळतं, म्हणून दुर्बीण अवकाशात. 28 सप्टेंबर 2015 रोजी गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेली क्ष-किरण दुर्बीण आहे. मात्र रेषेचा आकार पाहायला किरण फाकवणारी बारीक जाळी लागते, ती चंद्रा दुर्बिणीवर आहे.

काम म्हणाल तर मोजणीचं. एकेक फोटॉन आपल्या तरंगलांबीच्या कप्प्यात टाकायचा. आठपैकी सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा 18.97 अँगस्ट्रॉमवर उभी राहते, पण सुईसारखी नाही, फुगलेली. आपल्याकडे येणारा वायू तिला निळ्या बाजूला ओढतो, पलीकडे जाणारा तांबड्या. पलीकडचा प्रकाश मधल्या थंड वाऱ्यातून येताना अडतो, म्हणून रेषा निळ्या बाजूला कलायला हवी. वारा जितका दाट, तितका कल जास्त. ताऱ्याचं किती वस्तुमान उडून जातंय, याचा हिशेब या कलातून निघतो.

आणि इथेच मजा आहे. 2001 मध्ये वॉल्ड्रन आणि कॅसिनेली यांना याच निरीक्षणात रेषा जवळपास सरळ दिसल्या. वारा समजला होता तेवढा दाट असता तर असं व्हायला नको होतं. 2006 मध्ये कोहेन आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा कल सापडला, पण थोडाच. म्हणजे वारा आहे, अंदाजापेक्षा विरळ. मला हे दुसरं वाचन पटतं. तरी स्वतः मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

परवा पहाटे चिखलाचे पाय धुऊन बसलो. कप्पे मोठे केले, कल दिसला. बारीक केले, प्रत्येकात चार-दोनच फोटॉन उरले आणि कल विरून गेला. तात्या चहा घेऊन मागे उभे. "कुठल्या अंगाला झुकलंय?"

"डावीकडे. बहुतेक."

"बहुतेक?" म्हणत ते गुरांकडे गेले. मी कप्पे पुन्हा मोठे करायला घेतले.