एका अर्जाची भिंत

पांढुर्ण्याहून वरुडकडे निघालं की राज्य कुठे बदललं ते पाटी वाचूनच कळतं. संत्रा तोडायला निघालेल्या मजुरांची गाडी अडवून कुणी विचारत नाही, "तुम्हाला लिहिता येतं का? कोणत्या लिपीत?" असा प्रश्न ऐकला तर आपल्याला हसूच येईल. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने मात्र नेमका हाच प्रश्न कायद्यात घातला.

गोष्ट उसापासून सुरू होते. नाताळच्या गोऱ्या मळेवाल्यांना कामाला हात हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांचं पहिलं जहाज डर्बनला लागलं. १९११ पर्यंत असे दीड लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले. पाच वर्षांचा करार संपला की त्यांतले बरेच जण तिथेच राहिले, भाजीपाला पिकवू लागले. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या खर्चाने व्यापारीही आले. आता गोऱ्या दुकानदारांच्या पोटात दुखू लागलं.

सरकारपुढे पेच पडला. मळेवाल्याला मजूर हवा आणि दुकानदाराला शेजारी नको! १८९५ मध्ये कायदा झाला: करार संपल्यावर परत जा, नवा करार करा, नाहीतर वर्षाला ३ पौंड भरा. पहिल्या वर्षाचा पगार महिन्याला १० शिलिंग, आणि ३ पौंडांचे शिलिंग होतात ६०. म्हणजे सहा महिन्यांची कमाई नुसती तिथे राहण्यासाठी.

डिसेंबर १८९६ मध्ये मुंबईहून निघालेली दोन जहाजं डर्बनला पोचली. एकावर गांधीजी होते. मुंबईत प्लेग होता, जहाजांवर मात्र नव्हता. तरीही प्लेगचं कारण सांगून त्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ समुद्रातच थांबवलं. १३ जानेवारी १८९७ ला उतरलेल्या गांधीजींना जमावाने मारहाण केली.

त्याच वर्षी लिपी विचारणारा तो कायदा आला. त्यात 'भारतीय' हा शब्द शोधून सापडत नाही. येणाऱ्याने फक्त एक छोटा अर्ज युरोपीय भाषेच्या लिपीत लिहून द्यायचा. देवनागरीत वह्याच्या वह्या भरणारा माणूसही तिथे निरक्षर! आणि सरकारमान्य योजनेतून आणलेल्या मजुरांना? त्यांना सूट. ज्याला लिहिता येत नाही त्याला वाट मोकळी आणि ज्याला येतं त्याला दार बंद. मळेवाला खूश, दुकानदारही खूश.

ही युक्ती ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये उचलली आणि आणखी धारदार केली: अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन. १९३४ मध्ये एगॉन किश हा अनेक भाषा जाणणारा युरोपीय लेखक नकोसा झाला, तेव्हा त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये लिहायला सांगितलं. चाळणीची भोकं पुढच्या माणसाकडे बघून लहानमोठी होत होती. ती परीक्षा बंद व्हायला १९५८ उजाडलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपल्याकडेही भाषा बघून राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, घरी मराठी बोलणारं पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. शाळा हिंदी झाली, बोली मराठी उरली. पण ती रेघ ओलांडायला अर्ज लागत नाही, कारण भारतभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात आहे.

म्हणून संत्र्याच्या बगीच्याकडे निघालेल्या गाडीला इथे कुणी लिपी विचारत नाही.