मूत्रनलिका, मधुमेह आणि घरची शुश्रूषा

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे नगर एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्यात मोडत असे. तेथील विद्याव्यासंगी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरास ‘धन्वंतरी महाल’ ही वैद्यकीय संस्था चालविली. तेथे अनुभवास उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यांत ग्रथित झाले; त्यांत मधुमेहावरील उपचारही आहेत. उपचार काळानुसार बदलले, तथापि पाहावे, मोजावे व नोंदवावे ही रीत आजही रुग्णालयातील संशोधनाचा पाया आहे. या रीतीने आज अभ्यासिला जाणारा एक प्रश्न असा: मधुमेही रुग्णास मूत्रनलिका बसविली असता जंतुसंसर्ग का होतो, आणि तो टाळण्यात घरच्या माणसांचा वाटा कोणता?

लघवी अडली किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली, की मूत्राशयात एक मऊ नळी बसवितात. तिलाच कॅथेटर म्हणतात. निरोगी शरीरात मूत्राच्या प्रवाहाबरोबर जंतू बाहेर वाहून जातात. नळीमुळे हे संरक्षण दुबळे होते. जंतू नळीवरून वर सरकतात व तिला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर निर्माण करतात. त्या थराआड औषधाचाही प्रभाव कमी पडतो. नळी बसविलेल्या रुग्णांपैकी दररोज शेकडा ३ ते ७ जणांच्या मूत्रात नव्याने जंतू आढळू लागतात. केवळ जंतू आढळणे म्हणजे रोग नव्हे. परंतु नळीचे दिवस वाढतात, तसा रोगाचा धोकाही वाढतो.

मधुमेहात हा धोका अधिक असतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर जंतूंशी झुंजणाऱ्या श्वेतपेशी मंदावतात. मज्जातंतू दुर्बल झाल्यास मूत्राशय पुरता रिकामा होत नाही. उलट, संसर्ग झाला की रक्तातील साखर आणखी चढते.

येथेच घरी एक घातक चूक घडते. तापाने रुग्ण जेवत नाही, म्हणून इन्शुलिन परस्पर बंद केले जाते. वस्तुतः अशा वेळी साखर चढलेली असू शकते. म्हणून ती तपासून तत्काळ डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास हवा. याच्या उलट, साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून घाम, थरथर वा भ्रम झाल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

नळीचे नियमही साधेच आहेत. स्पर्शापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकेल अशी टांगावी. नळीचा जोड उगाच उघडू नये. आणि ‘नळी अजून हवी आहे काय?’ असे डॉक्टरांना वेळोवेळी विचारावे. थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखू लागले किंवा वृद्ध रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर रुग्णालय गाठावे.

साध्या नियमांचे सामर्थ्य अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसून आले. रक्तवाहिनीतील नळ्यांविषयीचा तेथील प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करणे, अनावश्यक नळी काढणे अशा पाच नियमांचे कसोशीने पालन झाले, आणि दीड वर्षात रक्तातील संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. नवे औषध त्यात एकही नव्हते.

म्हणून रुग्णास घरी पाठविताना शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा मुलाला नियम नुसते सांगणे पुरेसे नाही. पिशवी रिकामी करणे, साखर तपासणे, इन्शुलिन टोचणे या गोष्टी त्यांच्याकडून एकदा करवून पाहाव्यात. जे त्यांना उमगले नसेल, ते तेथेच कळून येते व सुधारता येते.