एका कडीची चूक

“हाडं लय दुखते, डॉक्टर,” मेळघाटातला सिकलसेलचा रुग्ण सांगतो. मूळ एका प्रथिनात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या. सहावी तेवढी बदललेली. प्राणवायू सुटला की ही प्रथिने एकमेकांना चिकटतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनी तुंबते.

दोष हिमोग्लोबिनातच आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि तीन सहकाऱ्यांनी दाखवले. नेमका बदल पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांना सापडला. आज हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात.

वाहकाला सहसा त्रास नसतो. पण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराचा धोका २५ टक्के. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी रक्त तपासा.