‘आई आलं’ लिहिणारी मुलगी

सोलापूरच्या पूर्व भागात एकाच गल्लीत पाण्याला चार शब्द ऐकू येतात. पद्मशाली विणकराच्या घरात ‘नीळ्ळु’, शेजारच्या कानडी घरात ‘नीरु’, त्यापलीकडे दखनी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबात ‘पानी’, आणि नळावर भांडण जुंपले की सगळ्यांचे मिळून ‘पाणी’. भांडणाची भाषा मराठी, हा आमच्या मराठीचा मान समजायचा की अपमान, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शहराचा हा स्वभाव कापडाने घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे गिरणी उभी राहिली, तेलंगणातून विणकर आले, हातमागांचे यंत्रमाग झाले, चादरी आणि टॉवेल निघू लागले. घरातल्या बायका विड्या वळू लागल्या. २००६ साली कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. त्याच गावाजवळच्या रे नगरमधल्या १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. अशा घरांतली मुले ज्या माध्यमिक शाळांत जातात, त्यांतल्या एकीची ही हकीगत. शाळेचे नाव देत नाही. जे तिथे दिसले ते पुष्कळ ठिकाणी दिसेल.

मी त्या शाळेत कशी गेले ते सांगायला हवे. बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे मी याच भागातल्या एका शाखेत काढली. पैसे काढायला आलेली विडी कामगार बाई स्लिप पुढे सरकवायची आणि म्हणायची, “अक्का, तुम्हीच लिवा.” मग अंगठा. वर्षानुवर्षे पान आणि तंबाखू चोळून अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या, की पुढे आधारचे यंत्र आले तेव्हा तो अंगठाही उमटेना. तिच्या निरक्षरपणाचे मला कधी नवल वाटले नाही. नवल वाटायचे ते तिच्याबरोबर आलेल्या मुलीचे. अंगात शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, इयत्ता आठवी. तिच्या हाती पासबुक देऊन मी म्हणे, “वाच बरं आईला, काय लिहिलंय ते.” मुलगी ‘व्याज जमा’ या दोन शब्दांकडे बघत राही. मग आईकडे बघे. मग जमिनीकडे.

अशा मुली एकदोन नव्हत्या. निवृत्त झाल्यावर त्या भागातल्या एका मुख्याध्यापकांनी “आठवड्यातून दोन दिवस या आणि मुलांचं वाचन घ्या” असे सुचवले, तेव्हा मी लगेच हो म्हटले. कादंबरीकाराला कुणी वाचक घडवायला बोलावते, हेही काही रोज होत नाही.

शाळेला नुकतीच नवी इमारत झाली होती. संगणकाची खोली, भिंतीवर बोटाने चालणारा मोठा पडदा, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पाणी गाळणारे यंत्र. यांतल्या स्वच्छतागृहाला मी हसणार नाही. त्याच्या अभावी किती मुलींची शाळा सुटते ते शिक्षकांना विचारा. पण संगणकाची खोली बंद असे, कारण धूळ जाते. दारावर देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र रोज पुसली जाई.

त्या खोलीसमोरच्या वऱ्हांड्यात मी नववीच्या काही मुलांना दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. बरीच मुले पहिल्या ओळीतच अडकली. हे सोलापूरचेच दुखणे नाही. ‘असर’ या पाहणीने २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाची मुले तपासली. त्यांतल्या साधारण २५ टक्क्यांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. शहरे त्या पाहणीत नव्हती, एवढाच काय तो दिलासा. पण माझ्यापुढे बसलेली मुले शहरातली होती.

तुम्ही म्हणाल, मग ही मुले नववीपर्यंत आलीच कशी? लोक लगेच ‘ढकलपास’ हा शब्द उच्चारून मोकळे होतात. पूर्वी नापास होणारे मूल शाळाच सोडून जाई, त्यामुळे ते दिसत नसे. आता ते वर्गात बसलेले दिसते, एवढा फरक मी नक्की सांगू शकते. पण खरी मेख वेगळीच आहे. माध्यमिकचा शिक्षक बी.एड. होऊन येतो तो विषय शिकवायला. अक्षर फोडायचे कसे, काना-मात्रा पोराच्या गळी उतरवायची कशी, हे त्याच्या प्रशिक्षणात फारसे नसते. तो इतिहास शिकवतो, मुले ऐकतात, फळ्यावरचे उतरवून घेतात. उतरवण्यात तर ही मुले इतकी तरबेज, की वही बघून कुणालाही वाटावे, हुशार मूल आहे. मोत्यासारखे अक्षर, आणि त्यातले एक वाक्य वाच म्हटले की गप्प.

एक दिवस मराठीच्या बाईंनी शुद्धलेखनाच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळीकडे तांबडी शाई. बाई वैतागून म्हणाल्या, “बघा, काय शिकवायचं यांना?” आम्ही दोघींनी त्या वह्या गुणांवरून न लावता चुकांवरून लावायला घेतल्या. तासाभरात टेबलावर तीन ढीग झाले आणि आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो.

एका ढिगात ‘घर’चे ‘गर’ झाले होते, ‘भात’चा ‘बात’, आणि बाईंनी सांगितलेला ‘खडू’ वहीत ‘कडू’ होऊन बसला होता. ही कानडी घरातली मुले. रोजच्या कानडी बोलीत ख, घ, भ यांतला ह निसटून जातो, तो कानालाच पडत नाही तर हातातून कसा उतरणार? दुसऱ्या ढिगात ‘शाळा’ची ‘शाला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’. ‘काळ’ आणि ‘काल’ यांत भेदच नाही. ही दखनी बोलणारी मुले. त्यांच्या बोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत. तिसऱ्या ढिगात एक वही होती. तिच्यात लिहिले होते, “आई आलं. पाऊस आलं.”

या मुलीच्या घरी तेलुगू. तेलुगूत एकवचनात पुरुषाचे क्रियापद वेगळे, आणि बाई असो, मांजर असो, पाऊस असो, बाकी सगळ्यांना एकच रूप. ‘अम्मा वच्चिंदि’, ‘वान वच्चिंदि’. म्हणजे मुलीने धांदरटपणा केला नव्हता. आपल्या भाषेचे व्याकरण काटेकोरपणे पाळून तिने मराठी वाक्य रचले होते. त्याबद्दल तिला सहावीपासून तांबडी रेघ मिळत होती, आणि रेघ का मिळते ते कुणी सांगितले नव्हते. कारण मारणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

बाई हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली, एक तेलुगू, एक मराठी, दोन्ही देवनागरीत. वर्गाला विचारले, काय फरक दिसतो? तेलुगू घरांतली मुले पहिल्यांदाच तोंड उघडून बोलली. आपल्या भाषेलाही व्याकरण असते, ही बातमी त्यांना नवी होती. मग खेळच सुरू झाला. ‘अक्का’ कुणाचा? ‘अण्णा’ कुणाचा? तिघांचाही. आमचे ‘तूप’ आणि कानडी ‘तुप्प’ शेजारी शेजारी बसले. एक मुलगा तेवढा काही बोलेना. तो सेटलमेंटकडचा. त्याच्या घरी कैकाडी बोलतात हे त्याने सहा महिन्यांनी, वऱ्हांड्यात, एकटा असताना सांगितले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि ज्यांची त्यातून सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले, त्यांच्या नातवंडांना घरची भाषा अजून लपवावीशी वाटते. १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, ते कैकाडी घरातल्या मुलाला मराठी वाचता-लिहिता आले म्हणून. मराठीला केवढी श्रीमंती त्याने आली!

पण भेद कळले म्हणून वाचता येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो. शाळा अकराला भरते. आम्ही सव्वादहाचा तास धरला. इयत्ता न पाहता वाचनाच्या पायरीप्रमाणे गट केले, ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेने आपल्याकडे रुळवली. अडचण होती ती पुस्तकांची. पंधरा वर्षांच्या, ओठावर मिशी फुटलेल्या पोराला पहिलीचे पुस्तक द्या, तो उद्या येणार नाही. म्हणून बाईंनी मुलांनाच मजकूर सांगायला लावला. एकाने यंत्रमागाचा धागा तुटला की काय करतात ते सांगितले. ‘आई आलं’वाल्या मुलीने विडी कशी वळतात ते सांगितले: पान भिजवणे, पत्र्याच्या मापाने कापणे, तंबाखू भरणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे, आणि हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी. ती बोले तसे बाईंनी लिहिले, आणि तेच तिला वाचायला दिले. स्वतः बोललेले वाक्य वाचायला अडखळायला होत नाही. शिवाय विजेचे बिल, रेशनकार्ड, एस.टी.ची पाटी.

विरोध झालाच. संस्थेच्या एका सदस्यांनी विचारले, “मराठी शाळेत फळ्यावर तेलुगू कशासाठी?” माझ्या आयुष्यात मी मराठीखेरीज कुठल्याही भाषेत ओळ लिहिलेली नाही, तेव्हा मराठीच्या प्रेमाचा दाखला मला कुणाकडून नको होता. मी एवढेच म्हणाले की मराठी यावी म्हणूनच. आयांचे म्हणणे तर याहून रोखठोक होते. एक म्हणाली, “तेलुगू घरीच येतंय की. शाळेत मराठी शिकवा, जमलं तर इंग्लिश.” तिचे खरेच होते. आम्ही तेलुगू शिकवत नव्हतो. मुलीला जे येते त्यावर पाय ठेवून वर चढायला सांगत होतो. हे त्या बाईला पटवायला दोन चहा लागले. सदस्यांना अजून पटायचे आहे.

आता पैशाचे, कारण बँकवाल्याला ते सोडून चालत नाही. भांडवली खर्चाला देणगीदार मिळतो, चालू खर्चाला मिळत नाही. पडद्यावर पाटी लावता येते; सकाळी सव्वादहाला येऊन तुटपुंज्या मानधनावर अक्षरे शिकवणाऱ्या मुलीवर पाटी कुठे लावणार? अटल टिंकरिंग लॅबसाठी सरकार शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देते. द्यावेच, पण यंत्रावरची सूचना ज्याला वाचता येत नाही त्याने तिथे काय जोडायचे? नव्या सोयींना माझा विरोध नाही. पावसाळ्यात वऱ्हांड्यात पाणी येऊ लागले तेव्हा आम्ही संगणकाच्या खोलीची किल्ली मागितली, आणि मुलांनी आपापले मजकूर तिथेच टंकून छापून काढले. धूळ गेलीच थोडी आत. बिघडले काही नाही.

सगळे गोडच झाले असे नाही. मिशीवाला मुलगा दिवाळीनंतर टॉवेलच्या कारखान्यात लागला. मानधनाचे पैसे फेब्रुवारीत संपले आणि शिकवणारी मुलगी दुसरीकडे गेली.

‘आई आलं’वाली आता दहावीत आहे. आईच्या फंडाचे कागद घेऊन ती माझ्या घरी आली. म्हणाली, “अक्का, दोन कागदांवर आईचं नाव वेगळं आलंय.” पाहिले तर खरेच, एकावर नावाच्या शेवटी ‘अव्वा’, दुसऱ्यावर ‘बाई’. इतक्या वर्षांत ना मालकाच्या कारकुनाच्या लक्षात आले, ना आणखी कुणाच्या. असा फरक राहिला तर निवृत्तीच्या वेळी पैसे अडकतात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे. दुरुस्तीचा अर्ज तिनेच लिहिला. एके ठिकाणी थांबून तिने विचारले, “‘माझी आई काम करते’ की ‘करतं’?” मग उत्तराची वाट न पाहता ‘करते’ लिहिले. अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेले नाही. जूनपासून सव्वादहाचा तास वेळापत्रकात घ्यायचा की नाही, यावर संस्थेची बैठक पुढच्या शनिवारी आहे.