टाकणखाराच्या घरचा पहारेकरी

सोनार डाग जोडताना वापरतो तो टाकणखार आणि दिवाळीच्या सुट्टीत मुले कॅरमवर भुरभुरतात ती बोरिक पावडर, या दोहोंत एकच मूलद्रव्य दडलेले असते. त्याचे नाव बोरॉन.

अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि पुढचे अणू फोडतात. ही साखळी मोकाट सुटली तर अनर्थच! तिला वेसण घालतो बोरॉन. कारण न्यूट्रॉन गिळण्याची त्याची भूक जबर. तीही साऱ्या बोरॉनची नव्हे. निसर्गात त्याच्या शंभर अणूंपैकी सुमारे २० अणूच, म्हणजे ‘बोरॉन-१०’, एवढे खादाड असतात. १९६९ साली वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या नियंत्रक पट्ट्यांत बोरॉन कार्बाइड भरले होते, ते याचसाठी.

पण आवरायचे तर आधी मोजायला हवे. भट्टी सुरू करताना न्यूट्रॉन किती वाढले हे न कळणे म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो मोजयंत्राला हूल देतो. म्हणून गणकनळीला आतून बोरॉनचा मुलामा देतात. न्यूट्रॉन गिळताच बोरॉन-१० चे हेलियम आणि लिथियम असे दोन तुकडे होतात. त्यांतला एक नळीतल्या वायूत उसळतो, विजेचा ठोका पडतो आणि चोर सापडतो!

मुलामा जाड झाला, तर तुकडा त्यातच अडकून पडेल. म्हणून तो केसाहूनही कितीतरी पातळ हवा. थर झिरझिरीत, पण पहारा कडक!